‘बॉयहूड’ म्हणजे नेमकं कुणाचं वय?

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात भाववाचक नामांचा एक तक्ता असायचा, आठवतोय? चाइल्डचं चाइल्डहूड, मदरचं मदरहूड, फ्रेंडचं फ्रेंडशिप, किंगचं किंगडम. एका मार्कासाठी आपण सगळ्यांनी तो पाढ्यासारखा घोकला. त्यातलं चाइल्डहूड आणि फ्रेंडशिप पुढे आयुष्यात कामाला आलं, निदान वाढदिवसाच्या कार्डावर तरी. त्याच तक्त्यात बॉयचं ‘बॉयहूड’ होतं. ते मात्र एक मार्क देऊन जे गप्प बसलं ते बसलंच.

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. सव्वीस वर्षं झाली. या शब्दाची जी काही वाताहत वह्यांमधून दिसते, तिचे दोन-चार नमुने सांगते. ‘सावित्रीबाई स्पेंट हर बॉयहूड इन नायगाव.’ ‘माय सिस्टर अँड आय हॅड अ हॅपी बॉयहूड.’ आणि माझा सगळ्यात लाडका, ‘माय ग्रँडफादर इज एटी अँड ही इज इन बॉयहूड.’ म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं त्या लेकराला म्हणायचं होतं. त्याला इंग्रजीत ‘सेकंड चाइल्डहूड’ म्हणतात, पण कल्पना तर बरोबरच होती की नाही?

हसू नका. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं आणि घरोघरी अभ्यास घेणाऱ्या आयांवर एक नवंच काम येऊन पडलं. आमच्या वेळी पाचवीत ए बी सी डी. त्यामुळे भाजी फोडणीला टाकता टाकता ‘अगं, बॉयहूड आणि चाइल्डहूड एकच ना?’ असा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो. उत्तर एका वाक्यात देता येतं: एकच नाही. पण का नाही, हे सांगायला बसलं की गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकातून निघून थेट आपल्या स्वयंपाकघरात येते. म्हणून आज हा प्रपंच.

आधी नियम उरकून घेऊ. चाइल्डहूड म्हणजे बालपण. ते मुलाचंही असतं, मुलीचंही. बॉयहूड फक्त मुलग्याचं. मुलीच्या त्याच वयाला गर्लहूड. त्यामुळे सावित्रीबाईंच्या बाबतीत चाइल्डहूड किंवा गर्लहूड लिहायचं, आणि ताई व मी अशा दोघांचं मिळून बालपण असेल तर चाइल्डहूडच. शब्दाच्या आधी सहसा हिज, माय असं काहीतरी येतं: इन हिज बॉयहूड. ‘सिन्स बॉयहूड’ म्हणजे लहान पोर होता तेव्हापासून. ‘बॉयहूड फ्रेंड’ म्हणजे आपला लंगोटीयार. या लंगोटीयारालाही मुलींच्या बाजूने जोड नाही बघा! आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे हा शब्द बहुधा मागे वळून पाहताना वापरतात. समोर गोट्या खेळणाऱ्या पोराकडे बोट दाखवून ‘ही इज इन हिज बॉयहूड’ असं कुणी म्हणत नाही. तो मोठा झाला, आणि त्याच्या त्या दिवसांबद्दल बोलायचं असलं, की मग बॉयहूड.

आणि ‘बॉइश’शी याची गल्लत करू नका. बॉइश म्हणजे पोरासारखं. ते साठीच्या माणसाचं हसूही असू शकतं किंवा मुलीचे केसही. आपण शाळेत असताना निम्म्या वर्गाचा ‘बॉयकट’ असायचा, म्हणून कुणाचं बॉयहूड झालं नाही.

‘हूड’ या शेपटीबद्दलही विचारतात. जुन्या इंग्रजीत स्थिती, दर्जा अशा अर्थाचा एक शब्द होता, त्यातून ती आली. डोक्यावरच्या टोपीच्या ‘हूड’चा तिच्याशी संबंध नाही. आपल्या मराठीतल्या ‘हूड’चा तर नाहीच नाही. पण योगायोग पाहा, आपल्याकडे हूड म्हणजे व्रात्य, दांडगट. ‘भारी हूड आहे हो पोरगं!’ त्यामुळे बॉयहूड म्हटलं की मराठी कानाला झाडावर चढलेला, गुडघे फोडून घेतलेला, शेजारच्यांच्या काचा फोडणारा मुलगाच दिसतो. माझं म्हणणं नेमकं इथून सुरू होतं. हा शब्द मुलग्याच्या वयाचं नाव आहे. तो कसा असावा याचं ते वर्णन नाही. आपण मात्र ते वर्णनच धरून बसलो आहोत.

मराठीची एक गंमत तुमच्या लक्षात आली आहे का? इंग्रजीला नाही अशी एक सोय आपल्या भाषेत आहे. ते मूल, ते बाळ, ते लेकरू, ते पोर. ‘बाळ उठलं का?’ ‘पोर उपाशी झोपलं.’ पहिली काही वर्षं आपण मुलाला तो किंवा ती असं फारसं म्हणतच नाही, ‘ते’ म्हणतो. नपुंसकलिंग हा व्याकरणातला शब्द ऐकायला कसासाच वाटतो, पण त्याच्यात केवढी माया आहे! त्या ‘ते’मध्ये असेपर्यंत मूल रडलं तर त्याला फक्त उचलून घेतात. मग एक दिवस हेच ‘ते’ जाऊन ‘तो’ येतो. कधी येतो? तारीख कुणी लिहून ठेवत नाही. पण खूण पक्की आहे. ‘बाळ रडतंय’ हे वाक्य संपतं आणि ‘काय मुलीसारखा रडतोस?’ हे वाक्य सुरू होतं. माझ्या मते बॉयहूडची सुरुवात तिथे होते. शब्दकोशात काहीही असो.

ज्या घरांत मुंजी लागतात तिथल्या बायकांना मातृभोजन माहीत असेल. आई आणि मुलगा एका ताटात जेवतात, आईच्या ताटातलं ते शेवटचं जेवण. मग पोरगा बटू होतो. हल्ली तो सोहळा हॉल, केटरर आणि फोटोग्राफरच्या हाती गेला आहे आणि संध्याकाळी बटू पुन्हा आईच्याच हातचा वरणभात खातो, पण विधी करणाऱ्यांना ठाऊक होतं की इथे एक रेघ आहे. एका बाजूला चाइल्डहूड, दुसऱ्या बाजूला बॉयहूड.

ही रेघ टॉलस्टॉयनेही ओढली होती. तरुणपणी त्याने तीन पुस्तकं लिहिली. इंग्रजीत त्यांची नावं चाइल्डहूड, बॉयहूड आणि यूथ अशी आहेत. १८५२, १८५४ आणि १८५७ साली ती आली. पहिलं पुस्तक आईच्या मृत्यूपाशी संपतं. दुसरं सुरू होतं तेव्हा मुलं खेड्यातलं घर सोडून मॉस्कोला निघालेली असतात. शब्द कसा वापरावा, याचा याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही. आपल्याकडचं उदाहरण हवं तर लोकमान्य टिळक घ्या. जन्म १८५६ चा, रत्नागिरीचा. १८६६ मध्ये वडिलांची बदली झाली आणि कुटुंब पुण्याला आलं. तेव्हा बाळ दहा वर्षांचा. म्हणजे चाइल्डहूड रत्नागिरीचं आणि बॉयहूड पुण्याचं, असं लिहिलं तर कुठलाही परीक्षक नाव ठेवणार नाही. सोळा वर्षांचा व्हायच्या आत त्यांचं लग्न झालं, सोळाव्या वर्षी वडीलही गेले. बॉयहूड तिथेच आटोपलं.

संपतं कधी, हा प्रश्न सुरुवातीपेक्षा अवघड आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात ‘लिंकन बॉयहूड नॅशनल मेमोरियल’ नावाचं सरकारी स्मारक आहे. अब्राहम लिंकन तिथे १८१६ ते १८३० पर्यंत राहिला, सात वर्षांचा होता तेव्हापासून एकविसाव्या वर्षापर्यंत. स्मारकाच्या नावात मुलाचं बॉयहूड आहे आणि आवारात त्याच्या आईची कबर आहे. तो नऊ वर्षांचा असताना ती गेली. आपल्या कायद्याचा आकडाही योगायोगाने तोच. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात मुलगा एकवीस पुरे होईपर्यंत ‘बालक’ आणि मुलगी अठरा पुरे होईपर्यंत. म्हणजे लग्नापुरतं का होईना, पोरगं आपल्याकडे पोरीपेक्षा तीन वर्षं जास्त लहान राहतं. हे वाचून ‘लग्नानंतरही राहतंच की!’ असं पुटपुटणाऱ्या मैत्रिणींचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येतोय.

पण हसण्यावारी नेऊन चालत नाही. कारण ‘बॉय’ या शब्दाचा खरा गैरवापर वह्यांमध्ये नाही, बाहेर आहे.

बॉय हा शब्द इंग्रजीत सुरुवातीला हलक्या दर्जाच्या नोकरासाठी होता. मुलगा हा अर्थ मागून आला. आणि गर्ल म्हणजे तेव्हा कुठलंही मूल, मुलगा असो वा मुलगी. ‘नेव्ह’ या शब्दाची यात्रा याच्या उलट झाली. आधी तो मुलगा होता, मग नोकर झाला, मग लबाड झाला. पत्त्यातल्या ज्याला आपण गुलाम म्हणतो, तोच हा नेव्ह. साहेब इकडे आला तेव्हा त्याने पन्नाशीच्या खानसाम्यालाही ‘बॉय!’ म्हणून हाक मारली. साहेब गेला, हाक राहिली. ऑफिसबॉय, वॉर्डबॉय, डिलिव्हरी बॉय. कुठल्याही दवाखान्यात जा. स्ट्रेचर ढकलणारा माणूस चांगला नातवंडं झालेला असतो, पण तो ‘वॉर्डबॉय’. त्याच्याबरोबर चादर बदलणारी बाई ‘मावशी’. तिला निदान नातं तरी मिळालं. त्याला वयही नाही, नातंही नाही. मी त्यांना मामा म्हणते. काही बिघडत नाही, उलट सलाइन संपल्याचं सांगायला ते आधी येतात.

म्हणजे एकीकडे पोट भरायला राबणाऱ्या मोठ्या माणसाला आपण बॉय म्हणून लहान करतो. दुसरीकडे ज्याने मोठ्या माणसाचा गुन्हा केला त्यालाही ‘अहो, मुलगाच आहे’ म्हणून लहान करतो. हा दुसरा प्रकार जास्त घातक. एप्रिल २०१४ मध्ये मुंबईच्या शक्ती मिल बलात्कार प्रकरणात सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलायमसिंह यादव यांनी मुरादाबादच्या प्रचारसभेत या शिक्षेला विरोध केला, आणि तो करताना, मुलं आहेत, चुका होतात, अशा अर्थाचं बोलले. पुढे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती फाशी जन्मठेपेत बदलली. फाशी असावी की नसावी यावर शहाण्या माणसांची मतं वेगवेगळी असू शकतात. माझा आक्षेप शब्दाला आहे. ते तिघं कायद्याने सज्ञान पुरुष होते. ‘लडके’ म्हणायचा काळ त्यांच्या बाबतीत उलटून गेला होता. जिथे मॅनहूड लिहायला हवं तिथे बॉयहूड लिहिलं, की वाक्याचा अर्थच बदलतो, आणि भोगावं लागतं ते भलत्यांनाच.

आणि हे फक्त पुढारी बोलतात का? गल्लीत कुणाच्या पोराने मुलीची सायकल अडवली, की पंचायत भरते आणि पहिली कोण बोलते? त्याची आई नाहीतर आजी. ‘वयच आहे हो ते.’ सोळा वर्षांच्या मुलीला त्याच वयात ‘आता तू काही लहान नाहीस’ म्हणून ओढणी नीट करायला सांगणारीही तीच. एकाच अंगणात, एकाच वयाला, आपण दोन शब्दकोश वापरतो.

बंगालीतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. रवींद्रनाथांनी म्हातारपणी, १९४० मध्ये, ‘छेलेबेला’ नावाचं आठवणींचं छोटंसं पुस्तक लिहिलं. छेले म्हणजे मुलगा आणि बेला म्हणजे वेळ, काळ. इंग्रजीत त्याचं ‘माय बॉयहूड डेज’ झालं. आता पेच असा की बंगालीत छेलेबेला हा शब्द सर्रास बालपण याच अर्थाने चालतो, आणि मुलीही आपल्या बालपणाला छेलेबेलाच म्हणतात. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीने सावित्रीबाईंना बॉयहूड दिलं ते बंगालीत बिनबोभाट चालून गेलं असतं. तस्लिमा नसरीन यांना हे खटकलं. १९९९ साली त्यांनी आपल्या लहानपणावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘आमार मेयेबेला’. मेये म्हणजे मुलगी. इंग्रजीत तो शब्द ‘गर्लहूड’ असा पोचला. पुस्तकावर बांगलादेशात बंदी आली, कोलकात्यात २००० मध्ये त्याला आनंद पुरस्कार मिळाला. नावातल्या एका शब्दाने केवढी जागा करून दिली बघा. माझं बालपण मुलाच्या मापाचं शिवलेलं नव्हतं, एवढंच तर म्हणायचं होतं!

आपल्या मराठीत तो पेच नाही, बालपण दोघांचं. पण म्हणून वाटणी सारखी होती असं नाही. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा, लग्न १८४० मध्ये. नायगावचं गर्लहूड नऊ वर्षांचं. आनंदीबाई जोशींचंही लग्न नवव्या वर्षी, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि ते बाळ दहा दिवसांत गेलेलं. १८८६ मध्ये त्या अमेरिकेतून डॉक्टर झाल्या आणि पुढच्या वर्षी, बावीसही पुरे झाले नव्हते तोवर गेल्या. त्यांच्या आयुष्यात गर्लहूड हा शब्द कुठे बसवायचा, मला सांगा. चाइल्डहूड संपलं आणि थेट वाइफहूड. वाइफहूड हा शब्दही इंग्रजीत आहे बरं का, तक्त्यात नसला तरी.

तेव्हा मुलींचं बालपण कापलं जायचं, हे आपण आता ओळखतो, त्यावर बोलतो, लिहितो. मुलग्यांचं वेगळ्या कात्रीने कापलं जातं, ते अजून दिसत नाही. हे लिहिताना मला माहीत आहे की काही मैत्रिणी म्हणतील, बाई, मुलग्यांचे लाड काय कमी आहेत? लाड आहेतच. दुधावरची साय त्यालाच. पण सायीबरोबर एक वाक्यही देतो ना आपण, ‘मुलगा आहेस ना तू?’ पडला, लागलं, मित्राने दगा दिला, परीक्षेत गचकला, प्रत्येक वेळी तेच. काही वर्षांनी तो सांगायचंच सोडतो. मग आपण शेजारणीकडे तक्रार करतो, हा हल्ली घरात काही बोलतच नाही.

याचा एक फार वाईट परिणाम असतो आणि तो उघड बोलायला हवा. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये मुलांच्या छळाविषयी एक देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. लैंगिक छळ झाल्याचं ज्या मुलांनी सांगितलं, त्यांत मुलग्यांचं प्रमाण निम्म्याहून थोडं जास्तच होतं. पुढे २०१२ मध्ये पॉक्सो कायदा आला. त्यात बालक म्हणजे अठरा वर्षांखालची कुठलीही व्यक्ती. कायद्याने तिथे गर्ल लिहिलं नाही, बॉयही लिहिलं नाही, चाइल्ड लिहिलं. शब्द बरोबर वापरणं म्हणजे काय, ते इथे कळतं. घरी मात्र मुलीला क्लासला सोडताना आपण दहा सूचना देतो आणि मुलग्याला, ‘त्याला काय होतंय, मुलगा तर आहे.’ बॉय म्हटलं की आपल्याला त्याच्यातलं मूल दिसेनासं होतं.

मला कुणी म्हणेल, मग काय मुलग्यांना रडूबाई करायचं? ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक मराठीतलं सगळ्यात लाडकं बॉयहूड आहे, असं मी म्हणेन. तो श्याम किती रडतो! त्याच्या रडण्यावर चिडवणाऱ्यांची पिढी मी वर्गात पाहिली आहे. पण तोच श्याम आईच्या आजारपणात घरचं काम करतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आणि त्याच पुस्तकात पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई बाहेर ओढते, मारते आणि विहिरीवर पाठवते, कारण लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणावं हे तिला सोसत नाही. ही गोष्ट शिकवताना वर्गात दरवेळी दोन तट पडतात. मुली म्हणतात, मारायला नको होतं. मुलगे म्हणतात, बरं केलं. गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ‘मॅडम, नंतर आईला पण रडू आलं ना.’ मला वाटतं, गोष्ट त्याला कळली होती.

एका मुलाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. नववीतला होता. नाव सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीत वडील गेले. दहाव्याला जमलेल्या प्रत्येकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून एकच सांगितलं, ‘आता तूच घरातला कर्ता. आईला सांभाळ.’ वय वर्षं चौदा. आई चाळिशीची, सोसायटीच्या कर्जाचे कागद एकटीने फिरवणारी बाई, ती कुणाला सांभाळ म्हणावं अशी नव्हती, पण तिला कुणी विचारलंच नाही. सुट्टी संपल्यावर मी भाववाचक नामं वाक्यात वापरायला दिली होती. या पोराने लिहिलं, ‘माय बॉयहूड वॉज गुड.’ वॉज. शेजारच्याने त्याला सांगितलं, अरे, ‘इज’ हवं, तू अजून बॉयच आहेस. त्याने बदललं नाही. मी त्या वाक्याला बरोबरची खूण केली. दुपारच्या सुट्टीत त्याला बोलावून घेतलं आणि म्हटलं, कर्ता वगैरे नंतर, आधी क्रिकेटच्या टीममध्ये परत जा. गेला. लगेच नाही, महिनाभराने.

‘बॉयहूड’ नावाचा एक इंग्रजी सिनेमाही आहे, २०१४ चा. कुणाच्या मोबाइलवर मिळाला तर बघा. दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर यांनी तो २००२ ते २०१३ अशी बारा वर्षं, थोडा थोडा करून, त्याच नटांना घेऊन चित्रित केला. सहा-सात वर्षांचं पोरगं आपल्या डोळ्यांदेखत अठरा वर्षांचं होतं. नाव मुलाचं, पण ऑस्कर मिळालं ते आईचं काम करणाऱ्या पॅट्रिशिया आर्केटला. त्यात मुलगा कॉलेजला निघताना सामान बांधतो आणि आई एकदम चिडून रडायला लागते. हे सगळं एवढ्यात संपलं, असा तिचा राग. भाषा नाही कळली तरी तो प्रसंग कळेल.

आता वर्गात मी तो तक्ता पाठ करून घेत नाही. दोन वाक्यं घरून विचारून आणायला सांगते. एक बाबांच्या बॉयहूडबद्दल, एक आईच्या गर्लहूडबद्दल, ज्याचं त्याने स्वतःच्या तोंडून सांगितलेलं. आईचं वाक्य दुसऱ्या दिवशी हमखास येतं. माहेरची विहीर, मैत्रिणी, सुटलेली शाळा, सगळं असतं त्यात. बाबांच्या रकान्यात बऱ्याच वह्या कोऱ्या. का रे, म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: ‘बाबा म्हणाले, आठवत नाही, आजीला विचार.’ आज्यांना मात्र सगळं आठवतं, कुठल्या झाडावरून पडला होता आणि कुणाच्या कुशीत येऊन रडला होता, तेसुद्धा. येत्या पालकसभेला आज्यांना बोलवावं असं मुख्याध्यापकांना सुचवलं आहे. बघू, काय म्हणतात.